चौथ्या मशीनवरच्या बाई

महाडच्या एका खासगी दवाखान्यात मी डायलिसिस टेक्निशियन म्हणून लागले, त्या पहिल्याच सोमवारी चौथ्या मशीनवर आमच्या शाळेतल्या बाई दिसल्या. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या बाजूला, दोन खोल्यांच्या शाळेत त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं होतं. मी मुंबईला कोर्स करून आले होते, अंगात पांढरा कोट होता आणि आपल्याला कुणीतरी ओळखावं अशी मनातून फार इच्छा होती. बाईंनी ओळखलं. माझ्या हातातल्या जाड सुईकडे बघून त्या म्हणाल्या, "तू टोचणार? तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता."

मग डावा हात पुढे केला आणि मान भिंतीकडे फिरवली. सुई एका दमात बसली. मला बाई काहीच बोलल्या नाहीत, पण मी वळल्यावर शेजारच्या मशीनवरच्या माणसाला सांगत होत्या, "माझी विद्यार्थिनी आहे." पुढे मी चार ठिकाणी नोकऱ्या केल्या, साहेबांनी सही-शिक्क्याची पत्रं दिली, पण त्या तीन शब्दांची सर कशालाच आली नाही.

बाईंचा विषय निघाला की आमच्याकडचं कुणीही त्यांच्या दाततपासणीवर येतं. शाळेत प्रार्थना झाली की रोज नखं आणि दात बघायचे, हे तेव्हा सगळीकडेच होतं. बाकीचे गुरुजी नखं बघून मोकळे व्हायचे. बाईंचं खरं काम नखांनंतर सुरू व्हायचं. एका हातात पितळी टॉर्च आणि रांगेतल्या प्रत्येकाला तीच आज्ञा: "आ कर. अजून. घाबरू नकोस, मी आत येत नाही." मशेरी लावून आलेल्या मुलीला त्या ओरडत नसत. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावून घेत आणि मुलीसमोर आईला आ करायला लावत. त्यावरून वाड्यावाड्यांवर बरंच बोललं जायचं. बाईंना त्याचं काही नव्हतं.

निवृत्तीनंतर मधुमेहाने त्यांच्या किडन्या गेल्या. नवरा आधीच गेलेला, मूल नाही. सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या एसटीने त्या पोलादपूरहून महाडला यायच्या, चार तास मशीनवर काढायच्या आणि दुपारच्या गाडीने परत जायच्या. पिशवीत एक सुती चादर, गीतेची छोटी प्रत, आणि तोच टॉर्च. टॉर्च कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सवय." आठ दिवसांत सवय कामाला लागली.

त्याचं असं झालं की पहिल्या मशीनवरचा एक दुकानदार सारखा तोंड वाकडं करायचा. जेवण कसं लोखंड चघळल्यासारखं लागतं म्हणायचा. बायको जवळ बसत नाही, तोंडाला वास येतो म्हणते, हेही त्याने एकदा सांगून टाकलं. बाईंनी मला जवळ बोलावलं. "का गं, याचं रक्त तुम्ही धुता. तोंड कोण धुतं?"

मी त्यांना कोर्समध्ये शिकलेलं सांगितलं. किडनी चालत नाही तेव्हा रक्तात साठलेली घाण श्वासातून, लाळेतून बाहेर येते, म्हणून वास आणि ती चव. पाणी मोजून प्यायचं असतं, लाळ कमी होते, तोंड कोरडं राहतं, म्हणून दात लवकर किडतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हिरड्या फुगतात. मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून औषध देतो, त्याने हिरडीतून रक्त येतं. बाई ऐकत होत्या. "हे सगळं तुला ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. "मग यातलं तू काय करतेस?" खरं सांगायचं तर आमच्या पुस्तकात तो एक परिच्छेद होता आणि परीक्षेला तो कधी आला नव्हता.

पुढच्या गुरुवारी बाई एक जुना कोरा हजेरीपट घेऊन आल्या. सुया बसायच्या आधी, हात मोकळे असताना, त्या प्रत्येकाच्या खाटेशी जाऊन दात, जीभ, हिरडी आणि वास असे चार रकाने भरायच्या आणि शेवटी दहापैकी गुण द्यायच्या. खाटांना त्या बाक म्हणत. पन्नाशीची माणसं, कुणी पतपेढीचा मॅनेजर, कुणी ग्रामसेवक, निमूट आ करायची. न करून सांगतात कुणाला? एकदा राउंडला आलेले डॉक्टर हसले, तर त्यांनाही आ करायला लावलं. सात गुण मिळाले. "मागची दाढ भरून घ्या," असंही ऐकवलं. तेच डॉक्टर पुढे राउंडला आले की आधी हजेरीपट मागायचे, कारण कुणाच्या हिरडीतून रक्त येतंय हे त्यात आमच्या केसपेपरच्या आधी लिहिलेलं असायचं आणि त्याप्रमाणे मशीनवर द्यायचं ते रक्त न गोठण्याचं औषध कमी करता यायचं.

दुसऱ्या बाकावर वरंधच्या बाजूच्या एका वाडीवरची आजी होती. तिचं वजन दर खेपेला तीन-साडेतीन किलो वाढलेलं असायचं. म्हणजे तेवढं पाणी अंगात साठलेलं. मी रागावायची. ती शपथा घ्यायची. "देवाशपथ सांगते गो, वाटीभर पान्यावर हाय मी." एका सकाळी बाईंनी तिला जीभ बाहेर काढायला सांगितली आणि नर्स घाबरून डॉक्टरांना फोन करायला धावली. जीभ लालभडक, हिरड्यांवर काळपट लाल डाग. बाईंनी नाक जवळ नेलं.

"आमसूल," त्या म्हणाल्या. "किती खाता दिवसाला?"

आजीच्या कनवटीला पुडी निघाली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की तहान लागली की आमसूल चघळायचं, तोंडाला पाणी सुटतं. ते खरंच होतं. आमच्याकडे घरोघरी उन्हाळ्यात आमसुलं वाळत पडतात, ती औषध वाटतात, खाणं वाटतच नाही. पण घरच्या आमसुलांना मीठ चांगलं चोळलेलं असतं. तोंड घटकाभर ओलं व्हायचं, मीठ पोटात जाऊन दुप्पट पाणी मागायचं, आणि आजी बिचारी ते पाणी कधी पेजेतून, कधी कालवणातून नकळत घ्यायची. तीन महिने आम्ही तिच्यावर खोटेपणाचा आळ घेत होतो. पुडी बाईंनी काढून घेतली. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुडी गेली म्हणून की आळ गेला म्हणून, हे मला कळलं नाही.

आमसुलांच्या जागी बाईंनी चूळ आणली. थंडगार पाण्याचा एक घोट तोंडात घ्यायचा, सगळीकडे फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. दिवसातून कितीही वेळा. ऐकायला सोपं आहे. ज्याला दिवसभरात जेमतेम दोन-तीन पेले पाणी प्यायची परवानगी आहे त्याने थंड पाणी तोंडात घेऊन ते थुंकायचं, हे करून बघावं. पहिल्या दिवशी चारही जणांनी गिळलं. बाईंनीसुद्धा. "मीही नापास," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या नावापुढे फुली मारली. महिनाभरात मात्र सगळी खोली चूळ थुंकायला शिकली, आणि आजीचं वजन दीड किलोच्या वर गेलं नाही. तेव्हा मला आमच्या त्या चार मशिनांच्या खोलीचा इतका अभिमान वाटायचा की मुंबईहून मैत्रिणीचा फोन आला की मी दुसरं काही बोलायचेच नाही.

बाईंची आणखी एक सवय होती. बोलताना, हसताना त्या पदर तोंडावर धरायच्या. शाळेत असताना असं काही नव्हतं. मी ते वयाचं, रीतीचं समजले.

अनंता तिसऱ्या बाकावर आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. मुंबईत एका हॉटेलात कामाला होता, तिथेच आजारी पडला, आणि डोंगरातल्या वाडीवर आईकडे परत आला. आई त्याला किडनी द्यायला तयार झाली होती. जुळतही होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, पण अट घातली की त्याआधी दंतवैद्याकडून तोंडात कुठे पू नाही, किडका दात नाही, अशी चिठ्ठी आणायची. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून जी औषधं देतात त्यांनी अंगातली झुंजायची ताकद कमी होते, आणि मग दाताच्या मुळाशी बसलेला एवढासा पूही जिवावर उठतो. तारखेला तीन आठवडे राहिले असताना अनंता भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून आला.

"आ कर," बाई म्हणाल्या.

"बाई, आज नको. थंडी लागलीय."

"एप्रिलमध्ये?"

"दुखत नाय बाई, कसम से."

बाईंनी त्याच्या रकान्यात 'गैरहजर' लिहिलं. गुरुवारीही तसंच लिहिलं. पुढच्या सोमवारी मशीन सुरू झाल्यावर तो थडथडा कापायला लागला, ताप चढला. आम्ही गळ्याजवळची नळी तपासायला घेतली, कारण जंतू बहुधा तिथूनच शिरतात. चौथ्या मशीनवरून आवाज आला, "आधी तोंड बघा."

मफलर सोडला. गाल सुजला होता. खालची दाढ पोखरलेली, बाजूच्या हिरडीवर पुवाचा फोड. तो मेडिकलमधून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणून खात होता, ज्या आमच्या पेशंटांनी अजिबात खायच्या नसतात. मी खूप बोलले त्याला. तो छताकडे बघत म्हणाला, "डेट गेली तर आई परत तयार व्हायची नाय. मोठ्या भावाने तिचे कान भरलेत. ती रोज देवाला कौल लावतेय. आता एकदा हो म्हनलीय, परत नाय म्हनायची."

डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं. पण दाढ काढावीच लागणार होती. मुंबईत तारीख मिळेपर्यंत ऑपरेशनची तारीख निघून गेली असती, म्हणून महाडच्या बाजारपेठेत नुकताच दवाखाना थाटलेल्या तरुण दंतवैद्याला आम्ही फोन केला. त्याने डायलिसिस हा शब्द ऐकला आणि म्हणाला, रक्त थांबलं नाही तर मी काय करू? अनंताही तेच म्हणत होता. हिरडीतून दोन दोन तास रक्त येतं, दाढ काढल्यावर काय होईल? बाई त्याला समजावत होत्या. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी दाढ काढायची, आदल्या दिवशी मशीनला रक्त पातळ करायचं औषध द्यायचं नाही, मग काही होत नाही, हे त्यांनी डॉक्टरांकडून घेऊन पाठ केलं होतं. अनंता एकदम उसळला.

"बाई, तुम्ही सगळ्यांची तोंडं बघता. तुमचं कोन बघतं?"

आजी म्हणाली, "अरे, बाईंना असं बोलतात काय?" बाईंनी तिला हातानेच थांबवलं. मग पदर खाली केला, टॉर्च माझ्या हातात दिला आणि आ केला.

मी वाकून पाहिलं. हिरड्या फुगून दातांवर आल्या होत्या, लाल, स्पर्शाला रक्त येईल अशा. समोरचे दोन दात हलत होते. वरची एक दाढ मुळापर्यंत काळी. जिने माझ्या अख्ख्या गावाला दात घासायला शिकवलं तिचं हे तोंड. आणि मी वर्षभर आठवड्यातून दोनदा तिच्या हाताशी बसत होते, मी पदराला रीत समजले. मला स्वतःची शरम वाटली.

"लिही," बाई म्हणाल्या. "दहापैकी किती?"

"तीन."

"तीन कशाचे? दोन लिही." मग अनंताकडे वळून म्हणाल्या, "लाज वाटत होती. चाळीस वर्षं लोकांना सांगितलं आणि स्वतःचं हे असं झालं. शुक्रवारी माझीही दाढ काढू. आधी माझी."

मी त्यांना एकटं गाठून सांगितलं की तुम्हाला मधुमेह आहे, वय आहे, तुमच्या दाढेची घाई नाही. त्या म्हणाल्या, "पेशंट घाबरलाय, डॉक्टर घाबरलाय. दोघांपैकी एकाला तरी आधी बघायला मिळालं पाहिजे." गुरुवारी दोघांचं डायलिसिस आम्ही ते औषध न देता केलं. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून मी चार तास दर थोड्या वेळाने सलाईन सोडत उभी होते.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं त्या दंतवैद्याकडे गेलो. आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्याने तीनदा वाचली. "आजी, मी अजूनही सांगतो, मुंबईला..." तो म्हणाला.

"आजी नाही. बाई म्हणा," असं म्हणून त्या खुर्चीत जाऊन बसल्यासुद्धा. "माझ्यावर शिका. मी शिकण्याच्याच कामातली आहे."

दाढ निघाली. त्याने टाका घातला, कापसाची घडी दाबून धरायला दिली आणि वीस मिनिटं सांगितली. बाई बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांना बोलता येत नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. घडी लाल झाली. त्याने बदलली. दुसरीही लाल झाली. त्या डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, अनंता उठून दाराशी गेला, मला वाटलं आता हा पळणार. बाईंनी हजेरीपट उघडला आणि लिहून डॉक्टरपुढे धरलं: 'चौदा मिनिटं झाली. वीस सांगितली होतीत.'

तिसरी घडी लावली. बाईंनी घड्याळ मांडीवर ठेवलं होतं. वीस मिनिटं पुरी झाल्यावर त्यांनी बोटाने अनंताला बोलावलं, टॉर्च त्याच्या हातात दिला आणि त्याच्यासमोर आ केला.

तो बराच वेळ बघत होता. "थांबलंय," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली, म्हणजे नीट बघ.

"थांबलंय बाई. गुठळी धरलीय." टॉर्च बंद करून त्याने तो माझ्याकडे दिला आणि आपणहून आत जाऊन खुर्चीत बसला. त्याचं रक्त पहिल्याच घडीत थांबलं. आठ दिवसांनी टाका काढून, बाकीचं तोंड तपासून दंतवैद्याने चिठ्ठी दिली. त्यानंतर तो आमचे सगळेच पेशंट बघायला लागला आणि कुणी कौतुक केलं की, मला बाईंनी शिकवलं, असं सांगायचा.

अनंता ठरल्या तारखेला आईला घेऊन मुंबईला गेला.

बाई त्यानंतर दीडेक वर्ष आल्या. समोरचे दोन दात पुढे त्यांनी काढून टाकले, हिरड्या महिन्याला साफ करून घेत राहिल्या, आणि स्वतःचे गुण सहावर नेले. सातवा गुण मी द्यायला तयार होते, त्यांनी घेतला नाही. शेवटी हृदयाने दगा दिला. पोलादपूरला त्यांच्या दारात जमलेली माणसं मी पाहिली. एसटीचे ड्रायव्हर, शेतकरी, मुंबईहून रातोरात आलेले, तिकडे नोकऱ्या करणारे. सगळे कधी ना कधी त्यांच्यासमोर आ करून उभे राहिलेले. त्या गर्दीत मी रडले, पण ताठ मानेने रडले. मला मात्र त्यांचा तो दिवस नाही, त्याआधीच्या दिवाळीनंतरचा एक सोमवार जास्त आठवतो.

त्या सोमवारी अनंता आणि त्याची आई खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्याला आत यायची परवानगी नव्हती, तोंडावर मास्क होता. अंगावर मांस आलं होतं, रंग उजळला होता. आई सगळ्यांना दारातूनच नमस्कार करत होती. चारही मशिनं चालू होती, चौघांच्या हातात सुया होत्या, कुणाला उठता येत नव्हतं. अनंताने एक हात पाठीमागे धरला होता.

"मागे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काय नाय बाई. पान्याची बाटली."

"मग लपवतोस कशाला?"

तो पायाकडे बघत म्हणाला, "तासाला प्यायला सांगितलंय. आता टाइम झालाय. पन तुमच्यासमोर कसा पिऊ? बाहेर जाऊन पितो."

"दिवसाला किती सांगितलंय?"

"तीन लिटर."

"तीन लिटर," आजी म्हणाली.

"इथे पी," बाई म्हणाल्या. "आमच्यासमोर."

"बाई, नको."

"अनंता, आम्हाला बघू दे."

त्याने मास्क खाली केला, बाटली तोंडाला लावली आणि प्यायला लागला. आधी घाबरत, मग घटाघटा. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं. त्याची आई पुसायला गेली आणि थांबली. कोरड्या ओठांची चार माणसं त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत होती आणि आजीचा गळा त्याच्या गळ्याबरोबर हलत होता. अर्धी बाटली संपवून त्याने श्वास घेतला.

"कसं लागतंय रे?" आजीने विचारलं.

"गोड, आजी," तो म्हणाला. "गोड लागतंय."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "अजून पी," त्या म्हणाल्या.